वाढीव गुणांचे दुखणे

काटोलकडचे एक संत्रा बागायतदार गेल्या बारा-तेरा वर्षांपासून माझ्याकडे रक्तदाबाच्या उपचारासाठी येतात. शिस्तीचे रुग्ण. गोळी चुकवायची नाही, लोणचे-पापड बेताने, दर दोन महिन्यांनी तपासणी. त्यांचा रक्तदाब १३०-८० च्या आसपास असायचा. गेल्या वर्षी मात्र एका सकाळी ते ठरलेल्या तारखेच्या आधीच आले. मी पट्टा बांधला तर १७६-१०४! दहा मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला. फारसा फरक नाही.

"गोळ्या बंद केल्या काय?"

"नाही जी डॉक्टरसाहेब, गोळ्या रोजच घेतो. पण चार रात्री झाल्या, डोळ्याले डोळा नाही लागला."

डोके दुखते का, छातीत भरून येते का, लघवीला त्रास आहे का, असे सगळे विचारून झाले. शेवटी मी दार लोटून घेतले आणि म्हटले, "काका, आता खरं काय ते सांगा." तेव्हा ते बोलू लागले.

त्यांची धाकटी मुलगी नर्सिंगला. एका विषयात ती नापास झाली होती. कोणाच्या तरी ओळखीने एक इसम घरी आला. "परीक्षा विभागात आपला माणूस आहे. दीड लाखात काम होते. फेरतपासणीचा अर्ज भरा, बाकी आमच्यावर सोडा," असे त्याने सांगितले. काकांनी का-कू केली तेव्हा तो म्हणाला, "पाहा बुवा, नाही दिले तर पुढच्या खेपेलाही पोरगी पास होईल याची ग्यारंटी नाही." काका घाबरले. त्यांनी वीस हजार हातावर ठेवले. उरलेले एक लाख तीस हजार सोमवारी द्यायचे होते आणि त्यासाठी बागेचा एक तुकडा गहाण टाकायची बोलणी चालली होती.

"मुलीला माहीत आहे?"

"नाही जी. तिले सांगतलं तर ती जेवणार नाही."

वाचकहो, त्या दिवशी मी गोळीचे प्रमाण वाढवले नाही. हे दुखणे गोळीचे नव्हते. आरोग्याच्या सदरात कायद्याची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. पण डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेता यांच्या हाती आपण आपला जीव देतो तो एका कागदाच्या भरवशावर. तो कागद खोटा निघाला तर पुढचे सगळे औषधपाणी फोल. म्हणून हा विषय आरोग्याचाच आहे.

हा गुन्हा नेमका कोणता?

पुष्कळांची समजूत अशी की, गुण वाढवून घेणे म्हणजे थोडी लबाडी. पकडले गेलो तर निकाल रद्द होईल, फार तर एक-दोन वर्षे परीक्षेला बसू देणार नाहीत. ही समजूत चुकीची आहे. कॉपी करणे वेगळे आणि लागलेल्या निकालात फेरफार करणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात गुणपत्रक, गुणांची नोंदवही, उत्तरपत्रिका हे दस्तऐवज बदलले जातात, आणि दस्तऐवज बदलणे म्हणजे बनावटीकरण.

जुन्या भारतीय दंड संहितेत फसवणुकीला कलम ४२०, फसवणुकीसाठी बनावट दस्तऐवज करण्याला ४६८, नोकराने मालकाच्या नोंदी खोट्या करण्याला ४७७-अ आणि कट करण्याला १२०-ब ही कलमे होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात याच गुन्ह्यांना अनुक्रमे ३१८, ३३६, ३४४ आणि ६१ ही कलमे आहेत. फसवणूक, बनावटीकरण आणि नोंदी खोट्या करणे या तिन्ही गुन्ह्यांना सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना अर्थात जुनीच संहिता लागते.

पैसे देऊन काम झाले असेल तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ हाही येतो. या कायद्यात 'लोकसेवक' कोणाला म्हणायचे याची यादी आहे. तिच्यात विद्यापीठाचा प्राध्यापक, कर्मचारी तर आहेतच, पण परीक्षा घेण्याच्या कामी विद्यापीठाने ज्याची सेवा घेतली तो माणूसही आहे. म्हणजे बाहेरगावाहून दोन दिवसांसाठी आलेला परीक्षकसुद्धा त्या कामापुरता लोकसेवक ठरतो. लाच घेणाऱ्या लोकसेवकाला तीन ते सात वर्षे कैद. 'साहेबांना सांगून काम करून देतो' म्हणून पैसे घेणाऱ्या दलालालाही तेवढीच. आणि २०१८ साली कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून लाच देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. पैसा थेट लोकसेवकाच्या हातात न देता मधल्या माणसाच्या हातात दिला, एवढ्याने सुटका होत नाही.

हे मी काकांना सांगितले तेव्हा ते खुर्चीत एकदम मागे टेकले. "म्हणजे मीबी चोर झालो जी?"

जुने दाखले

आपल्या नागपूरला हा विषय नवा नाही. १९९९ साली नागपूर विद्यापीठातील पुनर्मूल्यांकनाचा घोटाळा उघडकीस आला, तो पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. पैसे घेऊन फेरतपासणीत गुण वाढवले जात होते, असे पोलिसांच्या तपासात पुढे आले. विद्यापीठातले लोक, परीक्षक, दलाल यांच्याबरोबर विद्यार्थीही आरोपी झाले. खटले दशकाहून अधिक काळ रेंगाळले. विशीतल्या मुलाने केलेल्या चुकीसाठी तो चाळिशीकडे झुकेपर्यंत कोर्टाच्या तारखांना हजर राहतो, नोकरीच्या अर्जात 'आपल्यावर खटला चालू आहे काय?' या रकान्यापाशी अडतो. शिक्षा व्हायची तेव्हा होवो न होवो, ही शिक्षा मात्र पहिल्या दिवसापासून सुरू होते.

त्याच्याही आधीचे एक प्रकरण थेट वैद्यकीय परीक्षेचे आहे. १९८५ च्या अखेरीस मुंबई विद्यापीठाची स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राची एम. डी. परीक्षा झाली. तत्कालीन मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांची कन्या त्या परीक्षेला होती. गुणपत्रकात फेरफार करून तिला उत्तीर्ण केले, अशी तक्रार घेऊन त्याच परीक्षेत नापास झालेले एक उमेदवार, डॉ. महेश गोसावी, मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने ताशेरे ओढले आणि मार्च १९८६ मध्ये मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे अपिलात मुख्यमंत्र्यांवरचा थेट ठपका सौम्य झाला, पण फेरफार झाल्याचा निष्कर्ष राहिला. डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. तो फौजदारी खटला नव्हता आणि त्यात कोणाला कैद झाली नाही, हे नमूद केले पाहिजे. तरीही एका परीक्षेच्या गुणपत्रकावरून राज्याचे मुख्यमंत्रिपद गेले, यावरून त्या कागदाचे वजन कळावे.

शेजारच्या मध्य प्रदेशात २०१३ साली उघड झालेले 'व्यापमं' प्रकरण तर सर्वांना ठाऊक आहे. वैद्यकीय प्रवेश परीक्षेत आसनक्रमांकांची अशी मांडणी केली जाई की, पैसे दिलेल्या उमेदवारापुढे हुशार तोतया बसावा. २००८ ते २०१२ या काळात प्रवेश घेतलेल्या ६३४ विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्द झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तोवर त्यांतले कित्येक जण शिकून बाहेर पडले होते. २०१६ मध्ये दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. या मुलांनी पाच वर्षे सैन्यदलात विनावेतन सेवा करावी आणि मग पदवी घ्यावी, असे एका न्यायमूर्तींचे मत पडले. पण फेब्रुवारी २०१७ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मान्य केले नाही. फसवणुकीने मिळालेला प्रवेश पुढच्या अभ्यासाने शुद्ध होत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. पाच-पाच वर्षांचा अभ्यास, आईबापांचा पैसा, सगळे पाण्यात.

आपल्या राज्यात २०२१ च्या डिसेंबरात शिक्षक पात्रता परीक्षेचा घोटाळा बाहेर आला. पैसे घेऊन अपात्र उमेदवार पात्र दाखवले होते. परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली आणि २०२२ मध्ये ७,८०० हून अधिक उमेदवारांची पात्रता रद्द झाली. त्याच २०२२ च्या डिसेंबरात केंद्रीय अन्वेषण विभागाने, परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्या ७३ जणांवर गुन्हा नोंदवला. अशा पदवीधरांना येथे व्यवसाय करण्यापूर्वी एक चाळणी परीक्षा द्यावी लागते. ती उत्तीर्ण न होताच या लोकांनी निरनिराळ्या राज्यांच्या वैद्यक परिषदांत नोंदणी मिळवली, असा आरोप होता. अशा माणसासमोर रुग्ण बसतो तेव्हा त्याला भिंतीवरच्या चौकटीपलीकडे काय दिसणार?

२०२४ मध्ये केंद्राने सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकार रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा केला. 'नीट'सारख्या केंद्रीय परीक्षा त्याच्या कक्षेत येतात. उत्तरपत्रिकेत किंवा गुणवत्ता यादीच्या कागदपत्रांत फेरफार केल्यास तीन ते पाच वर्षे कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. टोळी करून केल्यास पाच ते दहा वर्षे आणि दंड एक कोटीहून कमी नाही. गुन्हा अजामीनपात्र आहे. राज्यातील विद्यापीठे व मंडळांच्या परीक्षांसाठी महाराष्ट्रात १९८२ पासूनच वेगळा कायदा आहे.

सहा दिवस

पुन्हा काकांकडे वळू. माझे एक वर्गमित्र फौजदारी वकील आहेत. मी तिथूनच त्यांना फोन लावला. वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, "पैसे देऊन किती दिवस झाले?"

"चार."

लाच देणे भाग पाडले गेले असेल आणि देणाऱ्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवले, तर त्याला गुन्हेगार धरायचे नाही, अशी सवलत २०१८ च्या दुरुस्तीत ठेवली आहे. वकील म्हणाले, "त्या इसमाने धमकी दिली होती का, तुमच्यावर खरोखर जबरदस्ती होती का, हे कोर्ट ठरवील. मी हमी देत नाही. पण सात दिवस उलटल्यावर हे बोलायलाही जागा राहणार नाही. आणि सोमवारी उरलेले पैसे दिलेत तर माझ्याकडे येऊ नका."

काका बराच वेळ गप्प होते. गावात अब्रू जाईल, पोरीचे लग्न अडेल, तो माणूस काही करील, एक ना दोन. मी एवढेच म्हटले, "काका, आधी मुलीला बोलवा. परीक्षा तिची आहे."

दुसऱ्या दिवशी बापलेक दोघे आले. मुलीचे डोळे रडून सुजलेले. तिच्या हातात मात्र एक प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत तिच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत. बापाने दलाल गाठला तेव्हाच तिने स्वतः रीतसर अर्ज करून ती मागवली होती! तिने पान उघडून माझ्यापुढे ठेवले.

प्रश्न असा होता: एका बालकाला १०० मिलिलिटर सलाईन ५ तासांत द्यायचे आहे. नळीचा संच १ मिलिलिटरला १५ थेंबांचा आहे. मिनिटाला किती थेंब सोडाल? १०० गुणिले १५ म्हणजे १,५०० थेंब, पाच तासांची मिनिटे ३००, उत्तर ५ थेंब. तिने लिहिले होते २०. बालकांच्या वॉर्डात एका मिलिलिटरला ६० थेंब पाडणारा बारीक थेंबांचा संचही असतो. तिने प्रश्न नीट न वाचता त्याचा हिशेब केला होता.

"मार्क बरोबर कापले सर," ती म्हणाली. "मी वीस थेंब लावले असते तर पाच तासांचं सलाईन सव्वा तासात गेलं असतं."

वाचकहो, यावर मी काय बोलणार? लहान मुलाच्या शरीरात चौपट वेगाने पाणी गेले तर फुफ्फुसात पाणी साठू शकते, हृदयावर ताण येऊ शकतो. आधीच आजारी असलेल्या मुलाला ते झेपेलच असे नाही. दलालाने दीड लाखाला विकायला काढलेले गुण हेच होते. गुणपत्रकावरचा आकडा बदलता येतो. नळीतून पडणारा थेंब काही गुणपत्रक पाहून पडत नाही.

मुलीने बापाकडे पाहिले आणि म्हणाली, "बाबा, चला तक्रार द्यायला. मी येते संगं." सहाव्या दिवशी वकिलांच्या सोबतीने त्यांनी लेखी तक्रार दिली. तिची चौकशी अजून चालू आहे. वीस हजार परत मिळालेले नाहीत. बागेचा तुकडा तेवढा वाचला.

नापास झाल्यावर काय करावे?

निकालावर खरोखर संशय असेल, तर सरळ वाटा आहेत. त्या सावकाशीच्या आहेत, पण फसवत नाहीत.

१. निकाल लागताच गुणपडताळणी, छायाप्रत व पुनर्मूल्यांकन यांची मुदत पाहावी. ती थोड्या दिवसांचीच असते. सर्वच परीक्षांना पुनर्मूल्यांकनाची सोय नसते. त्या त्या विद्यापीठाचा किंवा मंडळाचा नियम वाचावा.

२. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क विद्यार्थ्याला माहितीच्या अधिकारात आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये सांगितले आहे. छायाप्रत आली की ती विषयाच्या शिक्षकांना दाखवावी. अन्याय झाला असेल तर दिसतो, आपली चूक असेल तर तीही दिसते.

३. 'आतला माणूस आहे' म्हणणाऱ्याला घरात बसवू नये. पुष्कळदा आत कोणीच नसते. मुले आपापल्या अभ्यासाने पास होतात आणि हा पैसे खिशात घालतो. नापास झालेल्यांना तोंड दाखवत नाही. फसलेला बाप तक्रार करणार नाही, हेच त्याचे भांडवल.

४. कोणी पैसे मागितले तर देण्यापूर्वीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ या क्रमांकावर कळवावे. दिले गेलेच असतील तर दिवस मोजावेत आणि ताबडतोब वकिलाचा सल्ला घ्यावा.

५. रुग्ण म्हणून आपणही डोळे उघडे ठेवावेत. डॉक्टरांच्या पाटीवर व चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असतो. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत पडताळता येते. क्रमांक विचारल्याने खरा डॉक्टर रागावत नाही.

६. पालकांना एक सांगणे. नापास झालेले मूल घरी येते तेव्हा ते आधीच खचलेले असते. त्या आठवड्यात त्याची झोप, जेवण, बोलणे यांकडे लक्ष द्यावे. ते एकटे एकटे राहू लागले, जगण्याबद्दल निराशेचे बोलू लागले, तर त्याला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी येतेच.

सहा महिन्यांनी ती आलीच. मुलगी पास झाली, पहिल्या श्रेणीत वगैरे नव्हे, पण आपल्या गुणांनी. सध्या ती नागपुरातच एका बालरुग्णालयात कामाला आहे. काही दिवसांपूर्वी एका रुग्णाला पाहायला मी तिथे गेलो होतो. सलाईनच्या बाटलीखाली उभी राहून, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत ती थेंब मोजत होती. मी थांबलो, पण तिने मान वर केली नाही. पूर्ण एक मिनिट मोजून झाल्यावरच म्हणाली, "नमस्कार सर!"

काकांचा रक्तदाब मागच्या खेपेला १३४-८२ होता. गोळी तीच, प्रमाणही तेच.